आधी कान उघडा, मग वही

बसा. फोन पालथे करून टेबलावर ठेवा. आज बाराखडी नाही, गाणी नाहीत. मुलं तिकडे सतरंजीवर खेळताहेत, खेळू देत. आजचा वर्ग तुमचा आहे. मी बोलणार आहे ते लागेल. लागू दे.

दर रविवारी सकाळी बंगळुरूच्या नीलाद्री रोडवरच्या या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये तुम्ही मुलांना माझ्याकडे आणता. ‘बाई, जरा मराठी कानावर पडू दे,’ म्हणता. सांगली जिल्ह्यात ३२ वर्षं मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. लेकीकडे इथे राहायला आले तेव्हा वाटलं, चला, हात अजून खडूला लागतील. पण वर्षभर तुमच्या मुलांकडे बघतेय, तुमच्याकडेही बघतेय. गेल्या रविवारी जे पाहिलं त्यानंतर गप्प बसणं म्हणजे माझ्या पेशाशी बेइमानी होईल.

गेल्या रविवारी एक बाबा २६ महिन्यांच्या मुलाला घेऊन आले. त्यांनी मला फोनवर एक तक्ता दाखवला. मुलाचे १४२ शब्द, प्रत्येक शब्दापुढे तो पहिल्यांदा म्हटल्याची तारीख, रंगाचा शब्द असेल तर निळी चौकट, प्राण्याचा असेल तर हिरवी. मुलाने मला ए ते झेड म्हणून दाखवलं, ११ रंग सांगितले, एकही चुकला नाही. मग मी त्याला नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. त्याने मान वळवली नाही. थोड्या वेळाने त्याला तहान लागली. बाटली टेबलावर होती, त्याच्या हाताबाहेर. त्याने माझं मनगट धरलं, माझा हात उचलला आणि बाटलीवर नेऊन ठेवला. माझ्या तोंडाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, बाटलीकडे बोटही दाखवलं नाही. ‘वॉटर’ हा शब्द त्या तक्त्यात २३व्या ओळीत होता, तारखेसकट.

त्याच सकाळी दुसरी एक आई माझ्याजवळ रडवेली झाली. मुलगी २० महिन्यांची. ‘बाई, हिला चारच शब्द येतात, आमचं काहीतरी चुकलंय.’ मी त्या मुलीजवळ अर्धा तास बसले. कठड्यावर कावळा येऊन बसला. मुलीने बोट केलं, ‘का!’ म्हणाली आणि लगेच वळून माझ्या डोळ्यांत बघितलं, मलाही दिसला ना याची खात्री करून घ्यायला. मी म्हटलं, ‘हो गं, काऊ आला.’ तिने पुन्हा कावळ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. तेवढ्यात तिला सांभाळणारी अक्का आली, तर ही पोर तिला ‘बा’ म्हणाली, ‘नीरु’ म्हणाली, बिस्कीट पुढे आल्यावर मान हलवून ‘बेडा’ म्हणाली. मी आईला विचारलं, हे शब्द तुम्ही मोजलेत का? तर म्हणे, ‘ते कन्नड आहेत ना, बाई.’

१४२ शब्दांच्या पोराची मला काळजी वाटते आणि चार शब्दांच्या पोरीची मुळीच वाटत नाही. असं का, हे तुमच्यापैकी एकालाही सांगता येणार नसेल, तर तुमच्या त्या साऱ्या नोंदी कचरा आहेत. तुम्ही शब्द मोजता. तो शब्द पोर कोणाला म्हणतंय, कशासाठी म्हणतंय, समोरच्याने उत्तर दिल्यावर काय करतंय, हे बघत नाही. भाषा दोघांत घडते. एकट्याने म्हटलेली इंग्रजी वर्णमाला ही पाठांतराची करामत आहे, ती पोपटालाही जमते. बोट दाखवून वळून तुमच्याकडे बघणं मात्र माणसाच्या पोराचंच काम आहे. अख्ख्या भाषेचा पाया तिथे आहे.

त्या मुलाच्या आईबाबांशी मी वेगळं बोलले आहे. हे सगळ्यांसमोर सांगायला त्यांनीच मला मोकळीक दिली, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्या मुलाला काय आहे ते मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण नावाला न वळणं, बोट न दाखवणं, दुसऱ्याचा हात हत्यारासारखा वापरणं, ही लक्षणं पाहिली की त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यायची असते, एवढं मला कळतं. ते तुम्हालाही कळायला हवं.

तुमची हुशारी मला मान्य आहे. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळुरूला आली. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या शेतांवर ही इलेक्ट्रॉनिक सिटी उभी राहिली. त्या मागोमाग कोल्हापूर, नगर, जळगाव, लातूर इथून तुमच्यासारखी मुलं शिकून इथे आली. २०१० साली उड्डाणपूल झाला, आता २०२५च्या ऑगस्टपासून पिवळी मेट्रोही धावतेय. प्रवासातला वाचलेला वेळ कुठे गेला, ते सांगा. रात्री साडेनऊला अमेरिकेशी कॉल असतो तेव्हा पोराच्या हातात टॅब जातो. ते रडू नये म्हणून, असं तुम्ही म्हणता. ते बोलू नये म्हणून, असं मी म्हणेन.

माहितीवर तुमचा विश्वास आहे ना? मग एका अभियंत्या बापाची हकीकत ऐका. अमेरिकेत एमआयटीतले देब रॉय. मुलगा जन्मल्यावर त्यांनी घरभर छतात ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि तीन वर्षं रेकॉर्डिंग केलं. सुमारे ९०,००० तासांचं चित्रण आणि १,४०,००० तासांचा आवाज. मुलगा सुरुवातीला पाण्याला ‘गागा’ म्हणायचा, त्याचं ‘वॉटर’ व्हायला सहा महिने लागले. २०११ साली त्यांनी जाहीर व्याख्यानात हे सगळं मांडलं. एवढ्या डोंगरातून हाती काय लागलं? आई, बाबा आणि सांभाळणारी बाई, हे तिघेही मुलगा एखादा शब्द शिकण्याच्या बेतात आला की नकळत त्या शब्दाची आपली वाक्यं लहान करत होते. शब्द त्याच्या तोंडी बसला की वाक्यं हळूहळू पुन्हा लांब होत होती. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. पोराचं तोंड बघून ते बोलत होते, म्हणून आपोआप होत होतं.

आपल्या आज्या दुसरं काय करत होत्या? ‘मंमं’, ‘दुदू’, ‘भूर’, ‘हम्मा’, ‘भू भू’, ‘बाऊ’ ही बोबडी भाषा म्हणजे अडाणीपणा नव्हता. पोराच्या ओठांना जमतील असे आवाज, दोनदा म्हटलेले, तोंड तोंडाजवळ नेऊन म्हटलेले. तळहातावर मोर बसवण्याचा खेळ घ्या. आजी थांबते, पोर वाट बघतं, मग हात पुढे करतं. एकदा तू, एकदा मी. ही पाळी म्हणजेच संभाषण. तुम्ही ती पाळी मोडलीत. टॅबमधली बाई गाते, नाचते, रंग सांगते, पण पोराच्या हुंकाराला कधी थांबत नाही.

सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं. काहींसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं १२ वेळा येऊन बसली, खेळली, पुस्तकं दाखवली. काहींना तीच भाषा, तीच माणसं पडद्यावर दाखवली. जिवंत माणसासमोरची बाळं चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकली. पडद्यासमोरची काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांच्या आत पडदा बंदच ठेवायला सांगितलाय. मुभा आहे ती अधूनमधून नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला. का, ते कळतंय? कारण मिरजेतली आजी पलीकडून उत्तर देते. ती विचारते, थांबते, हसते. टॅबमधली बाई हसली तरी तुमच्या पोराला हसत नाही.

आता भाषांच्या गोंधळाबद्दल. तुमच्यापैकी तिघांनी मला सांगितलं की पोर उशिरा बोलतंय म्हणून घरात मराठी बंद केलं, आता फक्त इंग्रजी. कोणी सांगितलं हे तुम्हाला? दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही. या शहरात पोर आईकडून मराठी ऐकतं, अक्काकडून कन्नड, लिफ्टमध्ये हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. त्याच्या शब्दांची मोजदाद सगळ्या भाषा मिळून करायची असते. ‘नीरु’ म्हणजे पाणी, तो शब्दच आहे; ‘हालु’ म्हणजे दूध, तोही शब्दच आहे. तुमच्या पोरीला पाणी कोणत्या भाषेत मागावं याची अक्कल २० महिन्यांत आली आणि तुम्ही तिच्या खात्यावर शून्य मांडलंत. अन्याय आहे तो. त्या अक्काला रोज संध्याकाळी विचारा, आज काय म्हणाली, काय दाखवलं. दिवसाचे दहा तास तुमच्या मुलाचं बोलणं ती ऐकते. तिचा पगार देता, पण मुलाबद्दल तिचं मत विचारत नाही.

आणि ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गोष्ट रंगवून सांगता येते, तीच पोराला द्या. मोडक्या इंग्रजीत ‘कम हिअर, ईट धिस’ एवढंच बोलणारी आई पोराला भाषा देत नाही, हुकूम देते. चिमणी-कावळ्याची गोष्ट तुम्हाला मराठीत येते. कावळा दारावर टकटक करतो आणि चिमणी दर वेळी नवी सबब सांगते, तेव्हा आवाज कसा बदलायचा ते तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. ते सोडून उसन्या भाषेत का बोलता?

बाबांनो, तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे. तुमच्यातल्या एका घरातला अडीच वर्षांचा मुलगा ‘मी येते’, ‘मी खाते’ म्हणतो. तुम्ही हसता, व्हिडिओ काढून गावाकडे पाठवता. अहो, मराठीत क्रियापद सांगतं की बोलणारा कोण आहे. पोर आईचं ऐकून आईसारखं बोलतंय, म्हणजे ते नीट शिकतंय. पण ‘मी येतो’, ‘मी जेवतो’ हे त्याच्या कानावर कोणाकडून पडणार? तुम्ही घरात असता, पण बोलता ते फोनवर. तुमच्या घरात पुरुषाचं मराठी ऐकू येत नाही, हा निरोप तुमचं लेकरू तुम्हाला देतंय. हसण्यावारी नेऊ नका. आज संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन म्हणा, ‘चल, मी तुला न्हाऊ घालतो.’

काही चुका मात्र चुका नसतात, त्यांवर पोराला टोकू नका. ‘मी करलं’ म्हणणाऱ्या पोराने एक नियम स्वतः शोधून काढलाय, पळ-पळला, बस-बसला, तसं कर-करलं. तुम्ही फक्त म्हणा, ‘हो, तू केलंस!’ आणि पुढे चला. ‘काका’चं ‘ताता’ होणं, ‘बाळ’चं ‘बाल’ होणं, ‘राम’चा ‘लाम’ होणं दोन वर्षांच्या पोराला शोभतं. र आणि ळ उशिरा येतात. चारचौघांत त्याच्याकडून ‘र’ वदवून घेणं बंद करा. ज्याच्या प्रत्येक शब्दाला दुरुस्ती मिळते ते पोर बोलणं आटोपतं घेतं. ३२ वर्षांत अशी मुलं मी पुष्कळ पाहिली.

आता नोंद काय ठेवायची, ते लिहून घ्या. बारा महिन्यांपर्यंत पोर नावाला वळतं का, ‘बाबाबा, दादादा’ असे आवाज काढतं का, टाटा करतं का, हवं ते दाखवायला हात किंवा बोट पुढे करतं का. सोळा महिन्यांपर्यंत एक तरी शब्द अर्थासकट, माणसाकडे बघून म्हणतं का. दीड वर्षाला तुम्ही हातवारे न करता म्हटलेलं ‘चप्पल आण’ कळतं का. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची स्वतः केलेली जोडणी: ‘बाबा भूर’, ‘अजून दुदू’, ‘काऊ गेला’. गाण्यातून किंवा जाहिरातीतून उचललेलं अख्खं वाक्य यात धरायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: येत असलेले शब्द, हसणं, बघणं पोराने कोणत्याही वयात गमावलं, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. पुढच्या लशीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

हे मी घरी बसून रचलेलं नाही. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ गोष्टींचा एक साधा तक्ता बनवलाय, एका पानात मावतो. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आईबापांना विचारायची २० प्रश्नांची एम-चॅट नावाची चाळणी आहे. दोन्ही तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे मागा. चाळणीने रोग कळत नाही, पुढे नीट तपासायचं की नाही एवढंच कळतं. पण लशीला जाता तेव्हा वजन, उंची विचारून दहा मिनिटांत बाहेर पडता. बोलण्याचं विचारतच नाही.

याची मला जास्त चीड येते, आणि का ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या चारही गोष्टी बघायच्या, अशी त्यात तरतूद आहे. त्याच भागात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. परदेशी महाग साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शंख, खडे घेतले, आणि मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. डहाणूच्या पाड्यावरच्या मुलाकडे बघायला अंगणवाडीताई आहे. तुमच्या मुलाकडे बघायला कोण आहे? गेटवर चार पहारेकरी, १२व्या मजल्यावर घर, सगळ्या सोयी. आणि अख्ख्या आठवड्यात अनुभवी नजरेचं एकही माणूस पोरासमोर दहा मिनिटं बसत नाही. पैशाने तुम्ही पोराला सरकारी जाळ्याबाहेर काढलंत. मग तेवढी नजर तुम्हीच व्हायला हवी होती.

‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले.’ ‘प्लेस्कूलला गेला की सुटेल जीभ.’ ही तिन्ही वाक्यं आज शेवटची. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे खरं आहे. पण कोणतं येईल आणि कोणतं येणार नाही हे आधी सांगता येत नाही. म्हणून तपासायचं. तपासून सगळं नीट निघालं तर एक सकाळ गेली. न तपासता नीट नाही निघालं तर गेलेली वर्षं कुठून आणणार?

आणि पहिली तपासणी कानाची. बाकी सगळं नंतर. जन्मल्यावर महिन्याच्या आत श्रवण चाचणी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत निदान, आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू, हा जगभर मानलेला हिशोब आहे. चाचणी तेव्हा नीट आली होती म्हणून निर्धास्त राहू नका. वारंवार सर्दी होणाऱ्या पोराच्या कानात पाणी साचतं, ऐकणं मंद होतं आणि बोलणं मागे पडतं. दार वाजलं की वळतो, म्हणजे ऐकू येतं, असं मला सांगू नका. दाराचा दणका वेगळा आणि ‘स’ आणि ‘श’ मधला फरक वेगळा.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगते? १९९१ साली माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, शेवटच्या बाकावर बसायची. विचारलं की गप्प. लिहायला सांगितलं की शेजारणीच्या पाटीत बघायची. सगळ्या वर्गासमोर मी तिला मठ्ठ म्हटलं. एकदा नाही, पुष्कळदा. दीड वर्षाने कळलं की तिला कमी ऐकू येत होतं. ती माझ्या ओठांकडे बघून अंदाज बांधायची, आणि मी फळ्यावर लिहिता लिहिता फळ्याकडे तोंड करून बोलायचे. मी वळले की तिचा वर्ग बंद पडायचा. मी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. ती सहावीतून शाळेबाहेर गेली. तिच्या दीड वर्षाची भरपाई मला करता आली नाही. मूल गप्प आहे हे मला दिसत होतं. ते का गप्प आहे, हे शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत. आज तुमच्यावर ओरडतेय ती बाई हे करून बसलेली आहे. तुम्ही करू नका.

मदत मागायला जागा नाही, ही सबबही तुम्हाला नाही. याच होसूर रोडवर निम्हान्स रुग्णालय आहे. तिथे वाचा आणि श्रवणाचा स्वतंत्र विभाग आहे. दसऱ्याला म्हैसूरचा राजवाडा बघायला जाता ना? त्याच गावात १९६५ पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, देशभरातून लोक तिथे मुलं घेऊन येतात. गावी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. स्पीच थेरपिस्टकडे जाणं म्हणजे पोरावर शिक्का बसणं नव्हे. थेरपिस्ट पोरापेक्षा जास्त तुम्हालाच शिकवतात, कसं बसायचं, कसं थांबायचं, कधी बोलायचं. लोक काय म्हणतील याची भीती वाटते? लोक आजही म्हणताहेतच, फक्त तुमच्यासमोर म्हणत नाहीत.

आता गृहपाठ. शंभर पानी वही घ्या. फोन नको, वही. रोज १५ मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पोरासमोर जमिनीवर बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. एक डबा, दोन चमचे, जुने कपडे, एवढं पुरतं. ‘हे काय? आणि हे काय? रंग कोणता?’ अशी परीक्षा घ्यायची नाही. त्याने जे उचललं त्याबद्दल बोलायचं, मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तुम्हाला दहा अंक जड जातात, मला ठाऊक आहे, तुम्ही तिसऱ्यालाच उत्तर देऊन मोकळे होता. पोराला दहा लागतात.

मग रात्री वहीत तारीख घालून तीनच ओळी लिहायच्या. आज पोराने मला काय दाखवलं किंवा सांगितलं. मी काय उत्तर दिलं. त्यावर त्याने काय केलं. दुसरी ओळ कोरी राहिली तर दोष पोराचा नाही, तुमचा. शब्द लिहा, कोणत्याही भाषेतले, अक्काने ऐकलेलेही. बोटं, नजर, हुंकार, ओढून नेणं, हसणं, सगळं लिहा. महिन्याने ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. रंगीत चौकटींच्या तक्त्यापेक्षा त्यांना ती जास्त सांगेल.

त्या २६ महिन्यांच्या मुलाची तपासणीची वेळ बुधवारची ठरली आहे. तो तक्ता बनवणारे त्याचे बाबा गेले चार दिवस रोज जमिनीवर बसताहेत. काल संध्याकाळी ते वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी पाण्याची बाटली स्वतःच्या गालाशी धरली होती आणि मोजत बसले होते. पोराने मनगट ओढलं. ते हलले नाहीत, मोजत राहिले. आठाला पोराची नजर बाटलीवरून वर आली, त्यांच्या डोळ्यांशी क्षणभर थांबली आणि खाली गेली. त्यांनी लगेच ‘पाणी!’ म्हणून बाटली दिली. पोर काही बोललं नाही. त्या नोंदीत पोराचा एकही शब्द नाही. पण त्या बाबांनी मला ते पान दाखवलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, आणि मी त्यांना म्हटलं, आता तुम्ही नोंद ठेवायला शिकलात.

झालं. फोन इथेच टेबलावर राहू द्या. उठा आणि सतरंजीवर जाऊन बसा. कोणीही काही शिकवायला जाऊ नका. पोर तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा.